चेहरा माझा, नाव त्याचं

पिरनवाडी,
रविवार, दुपार

प्रिय युवराज,

सकाळपासून फोन हातात घेतोय आणि परत ठेवतोय. तुझा आवाज ऐकला की मला सांगायचंय ते राहून जाईल आणि आपण तुझ्या मालुआईच्या गुडघ्यांवर आणि तुमच्या उसाच्या तोडीवर बोलत बसू, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतलाय. आई मघाशी डोकावून गेली. तिला वाटतंय, सत्काराबद्दल तुमच्या पंचायतीला आभाराचं पत्र लिहितोय. मी तिला तसंच वाटू दिलं.

माझे टाके काढले. भुवईच्या वर एक रेघ राहील म्हणाले डॉक्टर, बाकी काही नाही. कामावर रुजू झालोय. मालकांनी सध्या बेळगाव आणि खानापूरकडचीच गावं दिलीत, निपाणीकडची, म्हणजे तुमच्या बाजूची, नकोत म्हणाले. एकटाच फिरतो. डेअरीतलं दुधाचं फॅट मोजायचं मशीन म्हणजे काही विमान नव्हे, एकट्यानंही दुरुस्त होतं, पण एकानं उघडायचं आणि दुसऱ्यानं बॅटरीचा उजेड धरायचा अशी माझी आणि मकतूमची सवय होती. आता उजेड दातात धरतो. मागच्या आठवड्यात कडोलीला गेलतो. परत येताना तिथल्या त्या साहित्य संमेलनाची आठवण झाली, आपण कॉलेजात असताना तू कविता वाचायला उभा राहिलास आणि खाली बसून देवाचं नाव मी घेत होतो, ते संमेलन. तू मात्र पहिल्या ओळीलाच मांडव गप्प केलास. माणसं तुझं ऐकतात, युवराज. तेव्हाही ऐकायची. पंचायतीचा अध्यक्ष तू झालास तेव्हा मला नवल वाटलं नाही.

मकतूम कोण हे तुला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. पण परवा सत्काराच्या वेळी तू त्याला ‘तो दुसरा मुलगा’ म्हणालास, म्हणून सांगतो. मुलगा नाही तो, माझ्याहून मोठा आहे. कंपनीत माझ्याआधीपासून आहे, हे काम मी त्याच्याकडूनच शिकलो. आमच्या गल्लीच्या मागंच राहतो. बायको अंगणवाडीत मदतनीस आहे, दोन मुली आहेत, धाकटी माझ्या आईच्या मांडीवर वाढलीय म्हटलं तरी चालेल. माणूस भारी भित्रा. मोटरसायकल चाळीसच्या वर नेत नाही, मागून येणारे लोक शिव्या देत पुढं जातात. गावात शिरताना कुत्रं दिसलं की बॅग पुढं आणि स्वतः माझ्या मागं. त्याच्या भित्रेपणावर मी इतका हसलोय की आता तो विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो.

पुढचं बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं की माझं मलाच नीट कळतं.

उत्तरेत तो हल्ला झाला, फिरायला गेलेली माणसं मारली गेली, ते दिवस आठव. सगळा देश टीव्हीसमोर होता. आमची आईसुद्धा जेवताना ताट घेऊन टीव्हीपुढं बसायची आणि जेवायची विसरायची. मी होमगार्डात आहे, तेव्हा बेळगावातल्या एका मोठ्या दुकान-संकुलात सरावाचं ठरलं आणि आम्हाला बोलावणं आलं. कुणी जखमी व्हायचं, कुणी गर्दी व्हायचं, आणि आमच्यापैकी तिघांनी अतिरेकी व्हायचं. माझी दाढी वाढलेली होती, मी खंडोबाला नवस बोललो होतो ते तुला माहीत आहे. त्यामुळं सगळे माझ्याकडंच बघून हसले. डोक्याला काळं फडकं, हातात लाकडी बंदूक. कर्ण्यावरून कन्नडमध्ये आणि मराठीत सारखं सांगत होते की हा सराव आहे, घाबरू नका. मला दोघा पोलिसांनी पालथं पाडलं, हात मागं बांधले, गाडीत कोंबलं. कोपर खरचटलं. नंतर चहा आणि शिरा मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कुणीतरी वरच्या मजल्यावरून ते टिपलं होतं. आधीचं कर्ण्यावरचं बोलणं नाही, नंतरच्या टाळ्या नाहीत, फक्त मधलं. माझा चेहरा फरशीवर दाबलेला, दाढी, काळं फडकं. खाली लिहिलेलं, बेळगावात अतिरेकी पकडला. दुसऱ्या दिवसापर्यंत ते आमच्या आत्याकडं गेलं, तिच्याकडून आईकडं आलं. आई म्हणाली, ‘रवळू, ह्यो मुडदा तुझ्यासारखा दिसतोय की रं.’ आम्ही घरात हसून लोळलो. पोलिसांनी खुलासा केला, पेपरात चार ओळी आल्या. पण खुलासा कोण पुढं पाठवतो? व्हिडिओ फिरत राहिला आणि आम्ही तो विसरलो.

उन्हाळा संपत आला तेव्हा कंपनीला तुमच्या वाघमाळात नव्या डेअरीचं काम मिळालं. मला बरं वाटलं. तुमच्या यात्रेला आलो होतो त्यानंतर गावात पाऊल ठेवलं नव्हतं. मकतूमला वाटेत मी मालुआईच्या हातच्या खीर-कानवल्यांचं सांगत होतो. काम झालं की तुझ्या घरी जायचं, तुझ्या आप्पांच्या पाया पडायचं, तुला चकित करायचं, म्हणून तुला कळवलंही नव्हतं. वेशीवर आडवा बांबू दिसला. फलक होता, बाहेरच्या माणसांनी ओळखपत्र दाखवून नोंद केल्याशिवाय गावात येऊ नये, ग्रामसभेच्या ठरावानुसार. मराठीत आणि कन्नडमध्ये. खाली तुझी सही. मला काही वाईट वाटलं नाही, उलट मकतूमला म्हटलं, बघ, माझ्या दोस्ताचं गाव कसं शिस्तीचं आहे.

बांबूच्या अलीकडं एक म्हातारा चटई टाकून बांगड्या मांडून बसला होता. मणेर चाचा. तुमच्या सोप्यात बसून मालुआईच्या हातात बांगड्या भरणारा तोच. यात्रेच्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत मालुआईनं त्याला चहा दिला होता, बशीत नव्हे, कपात, आणि घरातल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती बसल्या होत्या. आता बायका बांबूपर्यंत येतात आणि हात पुढं करतात. मी विचारलं, चाचा, आत का नाही? तो म्हणाला, ‘कार्ड गावलं न्हाय. पोरगं शोधतंय.’

पंचायतीच्या शिपायानं, मष्णूनं, आमची आधारकार्डं घेतली. दोघांना उन्हात उभं करून फोटो काढला, कार्डांचे फोटो काढले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले. नियमच तसा आहे म्हणाला. अगदी नम्रपणे बोलला. जावा म्हणाला, डेअरी देवळाच्या मागं. म्हणजे आम्ही चोरून आलो नव्हतो, युवराज. तू घालून दिलेल्या रस्त्यानं आलो होतो.

मशीन उघडलं होतं. वायरी बाहेर, बॅटरी बाजूला काढलेली. पहिल्यांदा खिडकीत दोन डोकी दिसली. मग मोटरसायकलींचे आवाज आले आणि डेअरीतला दूध मापणारा माणूस न बोलता बाहेर निघून गेला. एकजण आत आला, त्यानं माझ्या गालाजवळ फोन धरला आणि फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, ‘ह्योच की.’ मला काय झालं होतं कळत नाही. मी हसलो. म्हटलं, ‘व्हय, मीच त्यो.’ मला वाटलं, आता ओळख पटली, आता चहा येणार. म्हटलं, अहो ते नाटक होतं. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, ‘आता नाटक करू नगंस.’

पहिला फटका बसेपर्यंत मला ते खरं वाटलं नाही. चेहरा माझा त्यांच्या फोनवर होता. नाव मकतूमचं त्यांच्या ग्रुपवर होतं. दोन्ही एकाच फोटोत उभे होते. कुणी काय जुळवलं, कसं जुळवलं, मला कळायला वेळच मिळाला नाही. मी होमगार्डचं कार्ड काढायला खिशात हात घातला तर ‘हात काढ, हात काढ’ म्हणून दंडावर काठी बसली. वायरींकडं बोट दाखवून कुणी बॉम्ब म्हणालं, आणि तो शब्द बाहेरच्या गर्दीत गेला तसा गर्दीचा आवाजच बदलला. ती माणसं घाबरलेली होती. हे मी मुद्दाम लिहितोय. मारताना त्यांचे चेहरे रागाचे नव्हते, घाबरलेले होते. मला वाटलं असतं, गुंड आहेत, तर सोपं गेलं असतं.

मग आप्पा आले. मी खाली पडलो होतो, डोळ्यात रक्त, तरी आवाज ओळखला. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला आणि म्हणाले, ‘अरं, ह्यो युवराजचा दोस्त. माझ्या घरात जेवलाय ह्यो. सोडा त्येला.’ आणि माणसं सोडून मागं सरली, एका शब्दावर. आपले वडील मारुतीराव बोलले की वाघमाळात दुसरा बोलत नाही, हे तू मला कॉलेजात अभिमानानं सांगायचास. त्यांनी मला काखेत धरून डेअरीच्या आतल्या खोलीत नेलं. मी म्हटलं, आप्पा, मकतूम बाहेर आहे, तो माझ्याबरोबरचा आहे. आप्पा म्हणाले, ‘त्येचं आमाला ठावं न्हाय.’ दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

मी दारावर गेलो. त्यांनी मला छातीवर हात लावून मागं सारलं, जोरात नाही, पोराला सारावं तसं. मी हात जोडले. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यांना म्हटलं, एकच वाक्य म्हणा आप्पा, मला सोडा म्हणालात तसंच. ते माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीच्या गजातून मला मकतूम दिसत नव्हता, फक्त त्याची चप्पल दिसत होती आणि त्याच्याभोवतीचे पाय. तो ओरडत होता ते कन्नडमध्ये होतं, मग मराठीत, मग हिंदीत. नंतर कुठल्याच भाषेत नव्हतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा आप्पांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, ‘आता जा. तोंड धू.’

तू इस्पितळात धावत आलास. माझ्या खाटेपाशी उभा राहून रडलास, ते खरं होतं, मला शंका नाही. मालुआईनं भाकरी आणि पिठलं पाठवलं होतं. त्याच खोलीत, पलीकडच्या टोकाच्या खाटेवर मकतूम होता. उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला, डाव्या कानातून रक्त येत होतं, बायको उशाशी. तू जाताना त्या खाटेशेजारून गेलास. थांबला नाहीस. मी मनात म्हटलं, ओळखलं नसेल.

त्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. येणारही नाही म्हणतात. बायको म्हणते, कुणाची नावं घेऊ नका, आपल्याला याच रस्त्यांवरून फिरायचंय. त्यामुळं तक्रार अनोळखी जमावाविरुद्ध आहे. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडं जातो. तो फारसा बोलत नाही. एकदाच बोलला. म्हणाला, ‘रवळू, व्हिडिओत तू होतास. मी तर कुठंच न्हवतो. मग मी त्यांना कुणासारखा दिसलो?’ त्याची धाकटी तिथंच खेळत होती, तिच्याशी खेळायला लागलो.

मग तुमचा निरोप आला, गावाला चूक सुधारायची आहे, सत्कार करायचा आहे. मला वाटलं दोघांचा. मी मकतूमला न्यायला गेलो, तो शर्ट घालून बसला होता, मग म्हणाला, तू जाऊन ये. बरं झालं आला नाही. पंचायतीत एकच खुर्ची मांडली होती. फेटा, शाल, श्रीफळ. पंचायतीचे विकास अधिकारी, पीडीओ साहेब, कन्नडमध्ये चार शब्द बोलले. तू उभा राहिलास आणि देशाच्या सुरक्षेसाठी अतिरेक्याची भूमिका करणाऱ्या माझ्या जिवलग दोस्ताला गैरसमजातून त्रास झाला, म्हणालास, आणि त्या दुसऱ्या मुलालाही थोडंफार लागलं. ज्यांनी मला मारलं त्यातले काही माझ्या पाया पडायला आले. एकजण म्हणाला, ‘दादा, आमाला वाटलं तुमी त्ये हाय. आमाला काय ठावं तुमी आपलंच हाय.’ तो मनापासून म्हणत होता. मी त्याला उठवलं. पण आपला नसतो तर काय, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं की ज्या व्हिडिओवरून ठराव झाला तो व्हिडिओ माझा होता, तसं काही घडलंच नव्हतं, तर मग बांबू कधी काढणार. तेव्हा त्या कोपऱ्यातल्या गुणाबाई, ज्यांचा नातू सैन्यात आहे, त्या म्हणाल्या, ‘असूदे की बाबा. बांबू झाल्यापास्नं झोप लागती.’ आणि माना डोलल्या. तू म्हणालास, ‘घडलं न्हाय म्हंजे घडणारच न्हाय, असं थोडंच हाय?’ टाळ्या पडल्या. शेजारच्या दोन गावांनीही ठरावाची नक्कल नेलीय हेही तू सांगितलंस. मला गुणाबाईंचा राग आला नाही. ती भीती खोटी नाही, त्यांचा नातू खरोखर बर्फात उभा आहे. पण ती झोप कशावर उभी आहे याचा मी विचार करत होतो. फरशीवर दाबलेल्या माझ्या चेहऱ्यावर, आणि मकतूमच्या कानावर.

आपण बेळगावात, अनगोळात एका खोलीत राहायचो ते दिवस आठवतात का तुला? एक नोव्हेंबर, कन्नड राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की घरमालक म्हणायचा, पोरांनो, चार दिवस रस्त्यावर मराठीत मोठ्यानं बोलू नका. पोलीस चौकात नाव विचारायचे, आडनाव विचारायचे, गाव विचारायचे. आपण काही केलेलं नसायचं. तू खोलीवर येऊन भिंतीवर मूठ आपटायचास. म्हणायचास, मी काय केलंय ते सांगा, मी कोण आहे ते विचारू नका. ते वाक्य तुझं आहे, युवराज. मी जन्मभर ते तुझं म्हणून लोकांना सांगत आलो. माझे वडील गेले तेव्हा तू परीक्षा सोडून माझ्याबरोबर गावी आलास आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हलला नाहीस, हेही सांगत आलो. म्हणून पुढचं लिहायला हात उचलत नाही.

सत्कार संपवून मी बाहेर आलो. मष्णू मला गाडीपर्यंत सोडायला आला. बिचारा रडकुंडीला आला होता, सारखं म्हणत होता, माझ्या हातनं झालं. मी त्याला म्हटलं, तू नियम पाळलास. तेव्हा तो म्हणाला, ‘न्हाय ओ, मी वळखायला पायजे हुतं. अध्यक्षांनी ग्रामसभेत तुमचा व्हिडिओ पडद्यावर एवढा मोठा करून दावलाता. म्हणालं, ह्ये बेळगावात घडलंय, उद्या आपल्याकडं घडंल.’ मला आधी कळलंच नाही मी काय ऐकतोय. मला वाटत होतं की गावातल्या कुणा पोरानं तो कुठून तरी आणला, लोक घाबरले, आणि लोकांच्या रेट्यापुढं तुला ठराव करावा लागला. मी तुझ्या वतीनं मकतूमच्या बायकोला तसं सांगितलंसुद्धा होतं. वेशीबाहेर आल्यावर गाडी मी रस्त्याच्या कडेला उभी केली.

कारण सरावाच्या दिवशी संध्याकाळी मी तुला फोन केला होता. शिरा खाल्ल्यावर, घरी यायच्या आधी. तुला सगळं सांगितलं. काळं फडकं, लाकडी बंदूक, पालथं पाडणं, आईला कसं सांगू म्हणून. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला तेव्हा परत केला, आणि तू म्हणालास, ‘रवळ्या, लई खतरनाक दिसतोस रं.’ आपण हसून हसून बेजार झालो. ग्रामसभा त्यानंतर झाली. तुला माहीत होतं, युवराज. पडद्यावर तो चेहरा मोठा करताना तुला माहीत होतं की तो माझा आहे.

तू खोटं बोललास असंही कुणी म्हणू शकणार नाही. बेळगावात घडलं म्हणालास, ते घडलंच होतं. मी हेही समजू शकतो की लोक रोज तुझ्या दारात येत असतील, काहीतरी करा म्हणत असतील, आणि काही न करणारा अध्यक्ष पुढच्या खेपेला घरी बसतो. तुला वाटलं असेल, एक बांबू लावला तर कुणाचं काय जातंय, चांगल्या कामाला थोडं तिखटमीठ. मकतूमचा हात मोडावा असं तुझ्या मनात कधीच नव्हतं, हे मी कोर्टातही शपथेवर सांगेन. पण तू सत्काराच्या दिवशीही सांगितलं नाहीस. माझ्या खांद्यावर शाल घालून तू ती दोनदा सारखी केलीस, तेव्हा मला वाटलं माया आहे.

पुढच्या आठवड्यात माझा जबाब आहे. तपास करणाऱ्या साहेबांनी मागंच विचारलं होतं की गावात हा व्हिडिओ कुणी आणला, आणि तो खोटा आहे हे कुणाला ठाऊक होतं का. तेव्हा तो कुणी आणला हे मला माहीत नव्हतं, आणि तुझ्यावर संशय घ्यायचं मनातही आलं नाही, मी नाही म्हणालो. आता तेच पुन्हा विचारतील. त्या फोनवरचं बोलणं तुझ्या-माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. मी गप्प राहिलो तर ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि दार कुणी धरून ठेवलं होतं हेही माझ्याखेरीज कुणी सांगणार नाही. मी दोन्ही सांगणार आहे. तुझं नाव घेणार आहे आणि आप्पांचंही. आप्पांनी माझा जीव वाचवला हे आधी सांगेन, मग पुढचं सांगेन. मकतूमला हे अजून बोललो नाही, आज संध्याकाळी बोलेन, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून. त्याआधी तुला कळायला हवं, आणि ते साहेबांकडून नको, माझ्याकडून हवं, म्हणून हे लिहिलं. मधे काही दिवस आहेत. गावाला एकत्र बोलवायचा अधिकार तुझा आहे आणि लोक तुझं ऐकतात. तू स्वतः उभा राहून सांगितलंस तर मी जबाबात तेही लिहायला लावीन. नाही सांगितलंस तरी मी जे सांगायचं ते बदलणार नाही. मला फोन करू नकोस. यायचं असेल तर ये, पण माझ्याकडं नको. मागच्या गल्लीत निळ्या दाराचं मकतूमचं घर आहे, तिथं जा. मी तिथंच असेन.

अजून तरी तुझाच,
रवळू